अर्ध्या तासाची पुस्तकं

सुई टोचताना आमच्या सिस्टरनी कुठल्याच मुलाला "दुखणार नाही" असं सांगितलं नाही. त्या प्रश्न विचारायच्या. एका हातात इंजेक्शन, दुसऱ्या हाताच्या बोटांत कापूस, आणि चेहरा असा की समोरच्या पाच वर्षांच्या मुलाकडून त्यांना खरोखरच काहीतरी समजून घ्यायचं आहे. "सकाळी लई वारा सुटला म्हणे. खरं का?" मूल हुंदके देत मान हलवायचं. "मंग मला सांग, त्याला बांधून कोण ठेवल्तं?" मूल रडायचं थांबायचं. छताकडे बघायचं. वाऱ्याला कोणी बांधलं असेल, कुठल्या दोरीनं, कशाला? तेवढ्यात दंडावर कापूस दाबलेला असायचा. काम झालेलं. हसू त्यानंतर यायचं, आणि रडायचं राहून गेलं हे मुलाला घरी गेल्यावर आठवायचं.

हसनाबादच्या पुढे आत वळलं की आमचं गाव लागतं. तिथल्या आरोग्य उपकेंद्रात सिस्टरनी नोकरीतला बराच काळ काढला. त्यांचं नाव दारावरच्या पाटीवर होतं, पण कोणाच्या तोंडून ते मी ऐकलं नाही. मोठी माणसं नुसतं सिस्टर म्हणायची, मुलं 'प्रश्नवाल्या सिस्टर'.

लोकांना वाटायचं, सिस्टर मुलांना हसवतात आणि हसता हसता सुई टोचतात. असं कोणी म्हटलं की त्यांना राग यायचा. "हसलं की लेकरू हालतं," त्या म्हणायच्या. "इचारात पडलं की थांबतं. मला थांबलेला हात पाहिजे. हसू मागून येऊ द्या, त्याला काय घाई हाय?" त्यांच्याकडे एक जाड वही होती. तीत प्रत्येक प्रश्नापुढे मूल किती थांबलं त्याचे सेकंद लिहिलेले. 'बाजार उठला, तर झोपला कधी होता?' चार सेकंद. 'लाइट गेली, कोणत्या गाडीनं गेली?' तीन. 'शाळा भरली, कशानं भरली?' दोन, आणि पुढे शेरा : 'कच्चा'. दोन सेकंदांत लस जात नाही. कच्चा प्रश्न त्या महिना-दोन महिने तसाच ठेवायच्या, शब्द पुढेमागे करायच्या आणि पुन्हा कोणाच्या तरी दंडावर आजमावायच्या. तान्ह्या बाळांच्या वेळी प्रश्न आईला असायचा. कारण तेव्हा थरथरते ती आई, असं त्यांचं म्हणणं.

याची सुरुवात कशी झाली ते त्या फार रंगवून सांगायच्या. नोकरीच्या पहिल्या वर्षी त्यांनी एका मुलाला सगळे सांगतात तसंच सांगितलं, "मुंगी चावल्यासारखं होईल बघ." त्यानं हात मागे घेतला आणि विचारलं, "कोणती? लाल का काळी?" काळी म्हणावं तर खोटं, लाल म्हणावं तर मूल पळून जाणार. "म्या तिथंच ठरवलं," त्या म्हणायच्या, "आता प्रश्न आपण इचारायचा. त्यांच्याकडून आला की आपली फजिती."

पुस्तकं त्यातून निघाली. लस घेतल्यावर अर्धा तास केंद्रातच थांबायचं असतं, काही त्रास होत नाही ना ते बघायला. त्या अर्ध्या तासात करायचं काय? सिस्टरनी जुन्या पोस्टरांच्या कोऱ्या पाठी कापल्या, दाभणानं शिवल्या आणि वहीतल्या प्रश्नांच्या गोष्टी केल्या. एक वारा असतो, तो रोज सकाळी सुटतो, आणि त्याला संध्याकाळी पुन्हा बांधायला एक म्हातारी सगळ्या गावाच्या दोऱ्या गोळा करते. एक बाजार असतो, तो उठायलाच तयार नसतो, शेवटी त्याच्या तोंडावर पाणी मारावं लागतं. पानाच्या मागे बघितलं की 'हात धुवा'चा नळ दिसायचा. ओसरीवर खिळ्यांना ही पुस्तकं टांगलेली असायची आणि प्रत्येकाची लांबी साधारण अर्ध्या तासाची. वाचता न येणारी आई वाचणाऱ्या पोरीला जवळ ओढायची. "मोठ्यानं वाच की गं, मला बी कळू दे!" कधी कधी अर्धा तास संपला तरी कोणी उठायचं नाही. केंद्रातल्या मदतनीस आशाताई ओरडायच्या, "अहो झाला वेळ, घरी जा आता!" मग कोणीतरी म्हणायचं, "थांबा, याला थोडा घाम आल्यावानी वाटून राह्यला." घाम वगैरे काही नसायचा. चार पानं राहिलेली असायची.

त्यांचा एक नियम होता, आणि तो मोडलेला मी पाहिला नाही. एकदा तापाची अर्धी गोळी द्या म्हणून सांगितलेल्या बाईनं अर्धी गोळी लस घेतलेल्या मुलीला दिली आणि उरलेली अर्धी तिच्या धाकट्या भावाला, त्याला वाईट वाटू नये म्हणून. केंद्रात तपासणीला आलेले एक साहेब हे ऐकून पोट धरून हसले. "सिस्टर, ही टाका तुमच्या पुस्तकात!" सिस्टर म्हणाल्या, "न्हाई टाकणार. ती कुठं चुकली? म्या अर्ध्याच गोळीचं सांगितलं. उरलेल्या अर्धीचं काय करायचं ते सांगायचं माझ्याकडून राह्यलं." साहेब गेल्यावर आशाताईंना म्हणाल्या, "सरळ अर्थ घेणारं माणूस माझ्या गोष्टीत कधी हारणार न्हाई. हसायचं ते बोलण्याला हसायचं. माणसाला कामून?"

मला हा नियम कळला त्याच्या खूप आधी त्यांनी तो माझ्यावर वापरला होता.

मी जालन्यात वाढले, इंग्रजी शाळेत. घरी आई "प्लेट लावली" म्हणायची. दहा वर्षांची असताना सुट्टीत काकूकडे गावी आले होते. दुपारी काकूनं स्वयंपाकघरातून हाक मारली, "ये गं, ताट वाढलंय!" मी धावत गेले. ताटाजवळ उकिडवी बसले आणि शेजारच्या ताटाला एक वीत लावून, मग याला वीत लावून बघितलं. माझा चुलतभाऊ, महेशदादा, तेव्हा पंधरा-सोळा वर्षांचा. तो म्हणाला, "काय करून राह्यली?" मी म्हटलं, "किती वाढलं ते बघतेय."

पुढचं सांगायला नको. त्या दिवशी घर हसलं, दुसऱ्या दिवशी गल्ली. मग लग्न असो, बारसं असो, पंगतीत दादा लांबून विचारायचा, "काय गं, किती वाढलं?" आणि ज्यांना माहीत नसेल त्यांना पहिल्यापासून सांगायचा. तो चांगला सांगतो, हेही कबूल करायला हवं. मी एक केलं. चारचौघांत मराठी बोलायचं बंद केलं. हो, नाही, चालेल. एवढ्यावर बरीच वर्षं निघतात.

त्याच सुट्टीत काकूनं मला दहाव्या वर्षाच्या लशीसाठी केंद्रात नेलं. सिस्टरनी वाऱ्याचा प्रश्न टाकला. सुई लागून, कापूस फेकून झाला तरी मी विचारच करत होते. 'सुटणं' म्हणजे नक्की काय, इथून माझी सुरुवात होती. सिस्टरनी घड्याळ बघितलं. "बेचाळीस सेकंद!" त्या जवळजवळ ओरडल्याच. "अगं काकू, ही कुठं ठेवल्ती इतके दिवस?" आयुष्यात पहिल्यांदाच मला न कळल्याबद्दल कोणीतरी इतकं खूश झालं होतं. ओसरीवरच्या त्या अर्ध्या तासात, काकू बोलण्यात गुंतलेली बघून, मी त्यांना ताटाचं सांगितलं. हळू आवाजात. आता हसतील म्हणून मी थांबले. त्या पुढे वाकल्या आणि विचारलं, "मंग? वाढल्तं का?"

मी जरा विचार केला. "थोडंसं वाटलं," मी म्हटलं.

त्यांनी गंभीरपणे मान हलवली आणि वहीत काहीतरी लिहिलं.

नंतर आम्ही सगळेच गावी राहायला आलो. मी घरी बसून संगणकावर पुस्तकांची पानं लावण्याचं काम करते, चित्रंही काढते. या कामात फार बोलावं लागत नाही. एके दिवशी बूस्टर डोसाला गेले तर सिस्टरनी डोळे बारीक करून माझ्याकडे पाहिलं आणि म्हणाल्या, "बेचाळीस!" मी हसले. मग खिळ्यावरचं एक पुस्तक काढून वाचलं, मग दुसरं, मग सगळी. अर्ध्या तासाऐवजी दुपार गेली. माझा ऊर भरून येत होता. इतकी मजेदार मराठी आपल्या गावात खिळ्याला टांगलेली होती आणि आपण शब्द मोजून बोलत होतो!

त्यांच्या निवृत्तीला सात-आठ महिने राहिले होते. आमच्याकडे निवृत्त होताना लोक घरोघर स्टीलची भांडी वाटतात, त्यांवर नाव कोरून. सिस्टरना पुस्तक वाटायचं होतं. "ज्याला ज्याला टोचलं त्याच्या हातात," त्या म्हणाल्या. "भांडं काय, घरात आधीच मायंदाळ हायेत." जालन्यात लग्नपत्रिका छापणारा एक प्रेसवाला तयार झाला होता. चित्रं मी काढावीत असं ठरलं. ते महिने मी कसे सांगू! दर मंगळवारी, लसीकरणाच्या दिवशी, मी नवी चित्रं घेऊन जायची. सिस्टर ती मुलांपुढे धरायच्या आणि मुलांचे डोळे कुठे थांबतात ते बघायच्या. "म्हातारीच्या हातातली दोरी लहान झाली. सगळी पोरं म्हणून राह्यली, एवढ्यात वारा मावणार न्हाई. बदल." मी बदलायची. घरी जाताना पाय जमिनीला लागायचे नाहीत.

मग त्यांनी वहीचं एक पान उघडून माझ्यापुढे ठेवलं. 'वाढलेलं ताट'. एका मुलीला दिसतं की ताट वाढलंय. घरचे सगळे हसतात. ती गप्प बसते, पण ताट वाढतच जातं. दुपारी दारातून बाहेर येतं, तिसऱ्या प्रहरी अंगण भरतं, संध्याकाळी गावाच्या वेशीला टेकतं. बसायला दुसरी जागाच उरत नाही, म्हणून सगळं गाव ताटाच्या काठावर बसून जेवतं.

गोष्ट सुंदर होती. म्हणूनच मला भीती वाटली. ही घरोघर जाणार. दादाच्या हातात पडणार. माझी इतक्या वर्षांची शांतता एका पुस्तकानं जाणार. मी म्हटलं, "ही नको."

"नको तर नको," सिस्टर लगेच म्हणाल्या. "गोष्ट तुझी हाय. तुझ्या तोंडून हो आल्याबिगर छापायची न्हाई, अन् कुणाची हे बी सांगायचं न्हाई." त्यांनी मला एका शब्दानं गळ घातली नाही. फक्त प्रेसवाल्याला मधली आठ पानं कोरी सोडायला सांगितली. त्याचा मला फोन आला. "मॅडम, आठ पानं कोरी म्हणजे? लोक मला शिव्या देतील हो!" मला सिस्टरचा राग आला. कोऱ्या पानांना नाही म्हणणं फार अवघड असतं. शुक्रवारी सगळं छपाईला जाणार होतं, आणि मी ठाम होते.

त्याच आठवड्यातला मंगळवार. ओसरीवर आठ-दहा बाया, त्यांची पोरं. मी कोपऱ्यात शेवटची चित्रं घेऊन बसलेले. एका आईनं दहा वर्षांच्या मुलीला आत ओढत आणलं. पिवळ्या बसच्या शाळेतली, गळ्यात टाय. तिनं हात पोटाशी घट्ट धरला होता.

"सकाळी वारा सुटला म्हणे..." सिस्टरनी सुरू केलं.

"मला माहितीये. कोणी बांधलं होतं."

"बरं. बाजार उठला..."

"झोपला कधी होता. भैयानं सगळे सांगितलेत. लाइटचा पण." मुलीचे डोळे भरून आले. "तुम्ही विचारता आणि टोचता. मला माहितीये."

तिची आई म्हणाली, "अगं जरा ऐकून तर घे सिस्टरचं!" आणि तिचा दंड पकडायला गेली. सिस्टरनी मान हलवून तिला थांबवलं. पकडून त्या कधी टोचत नसत. पण त्यांच्याकडे प्रश्न उरला नव्हता. एवढ्या वर्षांत पहिल्यांदाच, मला वाटतं. त्यांनी माझ्याकडे पाहिलं नाही. हे मी मुद्दाम सांगतेय, कारण नंतर आशाताई म्हणत होत्या की सिस्टरनी मला खुणावलं. नाही. त्या इंजेक्शनकडे बघत उभ्या होत्या. पाहायचं असतं तर मी समोरच होते.

"एकदा एका मुलीला काकूनं हाक मारली," मी म्हटलं. माझाच आवाज मला ओळखू येईना. "म्हणाली, ये, ताट वाढलंय. ती मुलगी बघायला गेली. किती वाढलं ते. तिनं वीत लावली."

टायवाल्या मुलीनं माझ्याकडे मान वळवली. "मग?"

"मग घरातले सगळे हसले."

"पण वाढलं होतं का?"

"तूच सांग," मी म्हटलं. "काकू तर वाढलंय म्हणाली होती. काकू कशाला खोटं बोलेल?"

ती विचारात पडली. हात पोटावरून कधी खाली आला तिला कळलं नाही. मी मात्र बघत होते. सिस्टरची बोटं, सुई, कापूस. मुलगी अजून ताटापाशीच होती.

"कोण होती ती मुलगी?"

शुक्रवार, दादा, पंगती, सगळं एकदम डोळ्यांपुढे आलं. ओसरीवरच्या सगळ्या बाया माझ्याकडे बघत होत्या. त्यांतल्या दोघी-तिघींनी दादाच्या तोंडून हे आधी ऐकलंही असणार.

"मी," मी म्हटलं.

मुलगी हसली नाही. तिनं मला खालपासून वरपर्यंत पाहिलं. मग मी उरलेली गोष्ट सांगितली, वेशीपर्यंत, चुकत, एक-दोन शब्द इंग्रजीत घालत. कोणी अडवलं नाही. गाव जेवून उठलं, मी थांबले. मुलीनं कपाळाला आठ्या घातल्या.

"पण मग एवढं मोठं ताट घासलं कोणी?"

मी सिस्टरकडे पाहिलं. सिस्टरनी माझ्याकडे. आम्हाला दोघींनाही हे कधी सुचलं नव्हतं! इतक्यात दाराजवळची एक बाई, कापूस वेचायला जाणारी, कडेवरचं पोर सावरत मोठ्यानं म्हणाली, "त्यात काय इचारायचं? ज्यांनी दात काढले त्यांनी घासावं!"

"सगळ्यांनी दात काढले?" टायवाली दचकली. "दवाखान्यात?"

आणि ओसरी फुटली. बाया एकमेकींच्या खांद्यावर पडून हसत होत्या, पोरं ओरडत होती, "खराटे लागतील!" "टँकर लागंल!" "राख कुठून आणायची एवढी?" सिस्टर वही शोधत होत्या आणि वही त्यांच्याच काखेत होती. त्यांनी घड्याळ बघितलंच नाही. मीच त्यांना ओरडून सांगितलं, "छापा! सिस्टर, छापा ही!" माझ्या आयुष्यातलं ते सगळ्यात मोठ्यानं बोललेलं मराठी.

त्याच दुपारी मी आठही पानं काढली. शेवटच्या पानावर अख्खं गाव पदर खोचून, धोतरं वर करून ताट घासतंय. सगळ्यात पुढे, गुडघे टेकून, एक मिशा फुटलेला मुलगा. चेहरा मी लपवला नाही.

निवृत्तीच्या दिवशी केंद्रासमोर मांडव होता. भाषणं झाली, ती सिस्टरनी पायांकडे बघत ऐकली. मग पुस्तकांची खोकी उघडली. मुलं रांगेत आली तेव्हा सवयीनं बाह्या वर करत आली, त्यामुळे खूप हशा पिकला. प्रत्येकाला पुस्तक देताना त्या दंडावर एक बोट टेकवायच्या. जीप आली तेव्हा मी मनाशी ठरवून ठेवलेलं एक वाक्य बोलायला गेले, पण त्यांनीच आधी बोलून टाकलं. "वही मागू नको. मंठ्यात माझे दोन नातू हायेत, मला लागंल ती. तू तुझी कर. अन् सेकंद लिहीत जा, आठवतंय म्हणून सोडू नको." जीपमध्ये बसल्यावरही त्या ड्रायव्हरला काहीतरी विचारत होत्या. जीप लवकर हलली नाही. तो विचारात पडला असावा.

मी परत मांडवात आले. खुर्च्या गोळा होत होत्या. एका खुर्चीवर महेशदादा बसला होता, मांडीवर त्याचा सहा वर्षांचा मुलगा, आणि पुस्तक शेवटच्या पानावर उघडं. मुलगा मिशावाल्या मुलावर बोट ठेवून कधी चित्राकडे, कधी बापाकडे बघत होता.

"पप्पा, हे तुम्ही हायेत का?"

दादानं मान वर केली. मी समोर उभी आहे हे त्याला दिसलं. मी नकळत सेकंद मोजायला लागले.

"हाव," तो म्हणाला.

"मंग तुम्ही कामून घासून राह्यले?"

"ताट वाढल्तं," दादा म्हणाला. "तुझ्या आत्याला दिसलं. मला न्हाई दिसलं."